चित्रातला डोंगर कसा पाहावा

वानली सम्राटाची कारकीर्द, वर्ष चौतिसावं. हांगचौ.

तिसरा महिना, नववा दिवस

खौ साहेबांनी आज माझी जागा मेंगला दिली.

बावीस वर्षं त्यांच्या दिवाणखान्यात चित्रांच्या गुंडाळ्या मी उलगडल्या. कुठल्या डोंगरावर किती वेळ थांबायचं, पाहुण्यांची नजर धबधब्यावरून खाली कधी आणायची, केव्हा बोलायचं आणि केव्हा नुसतं 'हं' म्हणायचं, हे सगळं माझ्या हातात होतं. आज पोचलो तर मेजापाशी मेंग उभा. वय सव्वीस, परीक्षा पहिल्या फटक्यात पास. मी खालची पदवी घेऊन वरच्या परीक्षेत सहा वेळा नापास झालेला माणूस. खौ साहेब गोड आवाजात म्हणाले, "रुआन, आज तुम्ही बसा आणि ऐका. डोळ्यांना जरा विश्रांती द्या." मला खांबाआड बसवलं, एका चहाच्या व्यापाऱ्याशेजारी. तो व्यापारी खरबुजाच्या बिया सोलत होता.

मेंग जे बोलला त्यातलं निम्मं माझं होतं. उरलेलं चूक होतं. लोक वा वा करत होते.

निघताना दारवानाने मी मागायच्या आत छत्री पुढे केली. पाऊस नव्हता.

तिसरा महिना, बारावा दिवस

दक्षिण वेशीजवळच्या छापखान्याची मालकीण, विधवा तानबाई, घरी आली. पंचांगं, काढ्यांची पुस्तकं, लग्नातली गाणी असलं काहीबाही छापते. म्हणाली, हल्ली टोफूवालासुद्धा नववर्षाला घरात डोंगरपाण्याचं चित्र लावतो. देवळांत, चहाच्या दुकानांत, जिथे तिथे चित्रं. पण बघायचं कुठे, कसं, ते कुणाला कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. एका पानावर चित्र आणि समोरच्या पानावर ते कसं बघायचं, असं पुस्तक मी लिहून द्यावं.

मी म्हणालो, "बाई, गाढवाला गुळाची चव काय?"

"गुरुजी, गाढवाला आजवर कोणी गूळ दिलाय का? मग चव कळायची कशी?"

मी तिला घालवून दिलं. जाताना तिने आमच्या हिला पंचांग फुकट दिलं. बायकांचे डाव.

तिसरा महिना, पंधरावा दिवस

मेंगने लावलेल्या चित्रांची गावात चर्चा आहे. तिघांनी मला भेटून मुद्दाम ती सांगितली.

रात्रभर विचार केला. त्या दिवाणखान्याचा सगळा रुबाब कशावर आहे? आत बसलेल्या बारा जणांना जे दिसतं ते बाहेरच्यांना दिसत नाही, यावर. ते बाहेरच्यांनाही दिसलं तर? मासळीबाजारात बसलेल्या बाईलाही कळलं, तर मेंग काय करेल?

तानबाईला होकार कळवला. लोककल्याणाचा माझा काडीचा हेतू नाही. घर त्यांचं आहे, पण किल्ली माझ्याकडे आहे. ती मी भर रस्त्यात टाकणार आहे.

चौथा महिना, सहावा दिवस

पुस्तकाचे ठोकळे कोरणारा पाओ नावाचा हुइचौचा कारागीर. चाळिशीतला, मान बैलासारखी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. जन्मभर नासपतीच्या लाकडावर उलटी अक्षरं कोरत आल्यामुळे अक्षरं उलटी धरली की तो सरसर वाचतो. सुलटी दिली की अडखळतो. अशा माणसाच्या हाती माझं लेखन!

पहिलं पान दिलं. त्यात मी चित्राच्या प्राणतत्त्वाच्या नादाविषयी लिहिलं होतं. चार प्रती करून, निवडून, शब्द न शब्द तोलून.

त्याने पान खाली ठेवलं. म्हणाला, "हा नाद चित्रात कुठे आहे?"

"सगळीकडे."

"म्हणजे बघणाऱ्याने बोट कुठे ठेवायचं?"

मी उठून उभा राहिलो. सांगितलं की तुझं काम कोरायचं आहे. तो म्हणाला, न समजलेलं कोरलं की सुरी घसरते. तानबाईने चहा पाठवला. मी प्यायलो नाही.

चौथा महिना, तेरावा दिवस

सात दिवस झाले, पान तसंच पडून आहे. म्हणतो, लाकूड ओलं आहे. लाकूड कोरडं ठणठणीत आहे, मी नख मारून पाहिलं.

शेवटी संतापाने दुसरं पान लिहिलं. त्याची टर उडवायची म्हणून, अगदी पोरासोरांना सांगावं तसं: 'चित्रात खाली एक छोटा माणूस आहे. तो शोधा. सापडला की त्याच्या पायांनी चालायला लागा. घाई करू नका. त्याला डोंगर चढायचा आहे.' ते त्याच्या पुढ्यात फेकलं.

मूर्खाने ते खरंच मानलं. कागद उलटा करून दोनदा वाचला, लगेच सुरी उचलली आणि संध्याकाळपर्यंत निम्मं पान कोरून टाकलं. तानबाईही म्हणाली, गुरुजी, आता जमलं. या दोघांना टर कळत नाही. एका परीने बरं आहे. असंच लिहीत गेलो तर काम लवकर उरकेल.

सहावा महिना, दुसरा दिवस

उकाडा असह्य आहे. छापखान्यात खळीचा आंबूस वास. सरोवरावर कमळं फुलली आहेत म्हणे, मला बघायला सवड नाही.

बावीस वर्षांत पाहिलेली चित्रं मी आठवून आठवून लहान आकारात काढून देतो. पाओ तो पातळ कागद लाकडावर पालथा चिकटवतो, बोटाने वरचा थर खरवडतो आणि रेषांवरून कोरत जातो. चित्र तिथेच संपतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलो होतो. देवदाराच्या त्या एका फांदीवर मी दोन दिवस घालवले होते.

तो मान वर न करता म्हणाला, "शाई लाकडात उतरली. आता तुम्ही नसलात तरी ती राहील."

माझ्या मरणाची वाट बघतो आहे. मी हे लक्षात ठेवणार आहे.

सहावा महिना, अठरावा दिवस

आज सातव्या चित्रावरून भांडण. चित्रात नदी, पूल, पुलावरून वाट एका मोठ्या खडकाआड जाते, आणि वर धुकं.

"वाट कुठे निघते?" पाओने विचारलं.

मी म्हटलं, धुक्यात. हीच तर कलेची खुबी. सगळं दाखवायचं नसतं.

तो म्हणाला की लहानपणी बापाबरोबर हुइचौच्या डोंगरांतून तो मिठाच्या गोणी वाहायचा. धुकं असलं तरी वाट असतेच, पायाखाली दगड लागतात, आणि दिवस मावळायच्या आत माणूस कुठेतरी पोचायला हवा. ज्याने चित्र काढलं त्याला ती वाट माहीत असते. मग दाखवो की न दाखवो. ज्याला माहीत नसते तो खडक आणून उभा करतो.

एवढं लांब तो प्रथमच बोलला. घरी येऊन चित्र पाहिलं, आणि खडकाच्या वरच्या अंगाला तीन पायऱ्या व एक छपराचा कोपरा काढला. समोरच्या पानावर लिहिलं: 'वाट झाकलेली असेल तर हरकत नाही. पण चित्रकाराला ती ठाऊक आहे का, ते बघा. खडकाआड गेलेला माणूस पलीकडे कुठे निघेल? संध्याकाळी तो कुठे टेकेल? जागा सापडली नाही तर ज्याने ते काढलं तो त्या डोंगरात कधी गेलेलाच नाही.'

हा नियम पुस्तकातला सर्वांत चांगला आहे. माझ्या मनात तो कित्येक वर्षं असणार. आज शब्दांत आला इतकंच.

आठवा महिना, चौथा दिवस

पुस्तक बाहेर पडलं. 'चित्रातला डोंगर कसा पाहावा.' आत माझं नाव: रुआन वेइची. अक्षर पाओने बरं कोरलं आहे, हे कबूल करावं लागेल. त्याला सांगितलं नाही.

आठवा महिना, एकोणिसावा दिवस

गावाला वेड लागलं आहे. तानबाईने दोनदा कागद मागवला. चहाच्या दुकानात भिंतीवरच्या चित्रापुढे हमाल उभे राहतात आणि बोटाने चालतात. दुकानदार ओरडतो, चित्राला हात लावू नका. काल सरोवरावर एक नाव वल्हवणारी बाई वल्ही सोडून, मांडीवर माझं पुस्तक धरून, समोरचे खरे डोंगर बघत बसली होती. नाव वाहत गेली तरी तिला पत्ता नाही. नावेतली गिऱ्हाइकं शिव्या देत होती.

माझ्या दारावर कुणीतरी चार ओळींची कविता चिकटवली: भाजीवाल्यांचा पंडित, पाटा-वरवंट्याचा रसिक, वगैरे. वृत्त निर्दोष होतं, म्हणजे मेंगच्या टोळक्यातला कुणीतरी. त्यांना झोंबलं आहे. मी दिवसभर खुशीत होतो. रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या हिने पुस्तकातलं एक पान चुलीवरच्या भिंतीला लावलं आहे. पान सातवं. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, धुराने काळं होईल. म्हणाली, होऊ दे, रोज त्या वाटेने वर जाऊन येते तेवढ्यात भात होतो.

नववा महिना, नववा दिवस

आजच लिहून टाकतो.

खौ साहेबांची सत्तरी. उंचावर चढायचा सण साधून त्यांनी टेकडीवरच्या देवळात आपलं सर्वांत मौल्यवान चित्र एक दिवस सर्वांसाठी लावलं: 'बर्फातला घाट'. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका थोर चित्रकाराचं. आमंत्रणाच्या कागदावर मेंगने लिहिलं होतं, 'पुस्तकात ठोकळे पाहून थकलेल्यांनी आता खरी वस्तू पाहावी.' रोख उघड होता. मी गेलो. न जातो तर घाबरलो म्हणाले असते.

गर्दी अफाट. निम्म्यांच्या हातात माझं पुस्तक. पुढे मासळीचे गोळे विकणारी एक म्हातारी होती, पाठीवर टोपली तशीच. ती बोट हवेत धरून चित्रातून चालायला लागली. गाढवावरचा माणूस सापडला. पूल ओलांडला. वाट खडकाआड गेली. तिथे ती थांबली. पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली.

मग शांतपणे म्हणाली, "हा माणूस पलीकडे पाण्यात पडणार."

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण जो तो पुढे सरकून पाहू लागला. खडकाच्या मागे सरळ कडा होता. कड्याखाली नदी. पाय ठेवायला जागा नाही, छप्पर नाही, काही नाही. एक सुतार म्हणाला, ज्याने काढलं तो कधी डोंगरात गेलाच नसेल. ते माझंच वाक्य होतं. मेंग म्हणाला, अडाणी लोक आहेत, थोरांची कला यांना काय कळणार. पण त्याचा आवाज चिरका झाला होता. तोही खडकाकडेच बघत होता.

तेवढ्यात एका शिकलेल्या गृहस्थाने चित्राशेजारी डकवलेल्या पट्टीवरचा मजकूर मोठ्याने वाचला. चित्र अस्सल असल्याचा निर्वाळा, सुंदर अक्षरात. खाली सही: रुआन वेइची.

सगळ्या माना वळल्या. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो.

बावीस वर्षं ते चित्र मी वर्षातून दोनदा उलगडत आलो. तो कोपरा कधी लक्षातच आला नाही.

नववा महिना, तेरावा दिवस

खौ साहेबांनी फिर्याद केली. हलक्या लोकांना चिथावून प्रतिष्ठितांची टवाळी करणारं पुस्तक. छापखान्याला सरकारी मोहर लागली. तानबाई आणि पाओ यांना अठराव्या दिवशी न्यायालयात हजर राहायचा हुकूम आहे. मलाही, साक्षीसाठी.

हे सगळं पाओमुळे झालं. कुणी सांगितलं होतं त्याला वाट कुठे जाते ते विचारायला?

नववा महिना, पंधरावा दिवस

खौ साहेबांनी घरी बोलावलं. खेकडे, आल्याचं व्हिनेगर, गरम मद्य. मेंग नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात खेकडा वाढला.

म्हणाले, "बावीस वर्षांचा संबंध आहे, रुआन. तुम्ही मला धाकट्या भावासारखे. मेंग हुशार आहे, पण त्याला चित्र उलगडता येत नाही. फाडेल एखाद दिवशी."

त्यांना तीन ओळी हव्या आहेत. पुस्तकाशी माझा संबंध नाही, छापखान्याने माझं नाव परस्पर वापरलं. आतला मजकूर अडाणी कारागिराचा आहे. 'बर्फातला घाट' अस्सल आहे. बस. मग माझी जागा मला परत.

मी दोन दिवस मागितले. ते कशाला मागितले तेच कळत नाही. मला ती जागा हवी आहे. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही: वसंतापासून असा एक दिवस गेला नाही की मला त्या मेजाची आठवण झाली नाही. रेशमी पट्टी सोडतानाचा तो आवाज.

नववा महिना, सतरावा दिवस

तीन ओळी लिहिल्या. अक्षर उत्तम उतरलं आहे. वाळायला ठेवल्या तेव्हा ही मागून येऊन बघत होती. तिला वाचता येत नाही म्हणून मीच मजकूर सांगितला.

तिने ओल्या शाईवर हलकी फुंकर घातली. मग म्हणाली, "अक्षर सुरेख आलंय. तुमचं अक्षर जेव्हा जेव्हा इतकं सुरेख येतं, तेव्हा मला भीती वाटते."

बायकांचं बोलणं. कागद घडी करून बाहीत ठेवला.

नववा महिना, अठरावा दिवस

जसं घडलं तसं लिहितो.

तानबाई आणि पाओ गुडघ्यांवर. मला पदवीची टोपी असल्यामुळे मी उभा. खौ साहेबांना खुर्ची, मागे मेंग. न्यायाधीशांनी विचारलं, या पुस्तकाचे शब्द कोणाचे? मी बाहीत हात घातला.

मी कागद काढायच्या आत पाओ म्हणाला, "माझे आहेत. रुआनगुरुजींचं नाव खपावं म्हणून मी घातलं. त्यांना माहीत नव्हतं."

माझ्या बाहीत जे होतं तेच त्याने तोंडाने सांगितलं. मी गप्प राहिलो असतो तर पुरे होतं. खौ साहेबांनी माझ्याकडे पाहून डोळे मिटल्यासारखे केले. तानबाई जमिनीकडे बघत होती.

न्यायाधीशांना गंमत वाटली. "तू लिहिलंस? मग वाच."

पाओला पुस्तक दिलं. तो अडखळत, एकेक अक्षर चाचपत वाचू लागला. सगळे हसले. न्यायाधीश म्हणाले, "पटतंय. हा मजकूर असल्याच माणसाचा. 'छोटा माणूस शोधा, त्याच्या पायांनी चाला.' कुठला शिकलेला माणूस असं लिहील?"

मेंग म्हणाला, "पहिल्या ओळीतच कळतं, साहेब. ना डौल, ना व्यासंग. रुआनना कितीही नावं ठेवली तरी ते इतकं गावंढळ लिहिणार नाहीत."

माझे कान तापले. चार-पाच महिने मी त्या ओळींवर घालवले होते. आणि हा लाकूडतोड्या, ज्याला सुलटं पान वाचता येत नाही, तो भर न्यायालयात माझं पुस्तक स्वतःच्या नावावर करत होता, आणि मेंग त्याच्या बाजूने साक्ष देत होता.

मी पुढे झालो. म्हणालो, "भाषा माझी आहे. हा खोटं बोलतो. यातली एक ओळही याची नाही."

आणि पहिल्या पानापासून तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, पाचवं. कुणी हसत नव्हतं. दाराशी उभे असलेले शिपाईसुद्धा ऐकत होते. सातवं पान संपलं तेव्हा न्यायाधीशांनी हात वर केला.

"एक सांगा, रुआन. तुमच्या पुस्तकाप्रमाणे खौ साहेबांचं चित्र खोटं ठरतं. तुमच्या सहीप्रमाणे ते खरं आहे. दोन्ही तुमचंच. मग कुठलं खरं?"

खौ साहेबांच्या हातातला पंखा थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पुस्तक," मी म्हणालो.

निकाल: टोपी इथेच काढून ठेवावी, पदवी काढून घेण्याविषयी वर कळवलं जाईल. ठोकळे फोडावेत. तानबाईने छापखाना बंद करून वर्षाच्या आत हांगचौ सोडावं. पाओला न्यायालयात खोटं बोलल्याबद्दल बांबूचे वीस फटके.

ते लगेच अंगणात दिले. योग्यच झालं. दुसऱ्याचे शब्द चोरणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. तो ओरडला नाही. मी बाराव्या फटक्यापर्यंत तिथे होतो, मग निघालो.

घरी येताना डोक्याला वारा लागत होता. हिने पुढे होऊन दार लावलं. कागदाची घडी माझ्या बाहीतून काढून तिने चुलीत टाकली. मी अडवलं नाही.

दहावा महिना, तिसरा दिवस

ठोकळे फोडले. वेशीपाशी, लोकांसमोर, कुऱ्हाडीने. नासपतीचं लाकूड फुटताना कोरडा, स्वच्छ आवाज येतो. ढलप्या शिपायांच्या स्वयंपाकघरात गेल्या. विकली गेलेली पुस्तकं मात्र कुणी परत आणून दिली नाहीत. शिपाई घरोघर फिरले. सगळे म्हणतात, कसलं पुस्तक?

दहावा महिना, आठवा दिवस

टोपीशिवाय बाजारात गेलो. लोक बघतात. कांद्याच्या पातीची जुडी देताना भाजीवाल्याने 'गुरुजी' म्हटलं. चिडवायला म्हटलं असेल. मी पात न घेता परत आलो.

दहावा महिना, बारावा दिवस

पाओ येऊन गेला. बसता येत नाही म्हणून दारातच उभा राहिला. तानबाईचा भाऊ सूचौला छापखाना चालवतो, महिनाअखेरीस ती आणि पाओ तिकडे जाणार. पुस्तक पुन्हा कोरायचं म्हणतात. त्याने विचारलं, चित्रांच्या प्रती आहेत का?

मी म्हटलं, तूच खरवडल्यास सगळ्या.

"पण तुम्ही पाहिलेलं तर आहे ना," तो म्हणाला.

टोमणाच. दिवाणखान्याचं दार बंद झालेल्या माणसाला असं विचारतात का? मी आत निघून गेलो. हिने त्याला जवळचं मलम दिलं आणि बराच वेळ दारात त्याच्याशी बोलत होती.

दहावा महिना, एकविसावा दिवस

खौ साहेबांचा नोकर एक लांबट डबी देऊन गेला. निरोप काही नाही.

आत कागदाची पट्टी. 'बर्फातला घाट'शेजारची, धारदार पात्याने कापलेली. माझा निर्वाळा मला परत केला. आता तिथे मेंग लिहील.

मी पट्टी मेजावर पसरली. एकोणतिसाव्या वर्षीचं माझं अक्षर. काय अक्षर होतं! त्या महिन्यातच दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि खौ साहेबांनी पहिल्यांदा घरी बोलावलं होतं. वाचत गेलो. रेशमाचा पोत, शाईचा जुनेपणा, बर्फाचा गारठा, आकाशातली राखी छटा, पुलाचं लाकूड, गाढवाची मान, शिक्क्यांचा लाल रंग, आणि शेवटी संग्राहकाची थोर दृष्टी. सगळ्याची स्तुती. मग दुसऱ्यांदा वाचलं.

वाटेबद्दल एक अक्षर नाही.

चित्रात निम्मी जागा ती वाटच घेते. शिकाऊ मुलगाही तिचा उल्लेख केल्याशिवाय राहिला नसता. मी तिच्या चारी बाजूंनी लिहिलं होतं आणि तिला स्पर्श केला नव्हता.

आता आठवलं. खडकापाशी माझं बोट थांबलं होतं. खौ साहेब समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही," आणि चहाचा पेला उचलला.

नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी मी इथेच लिहिलं आहे की तो कोपरा कधी लक्षात आला नाही. ते खोडत नाही. राहू दे.

दहावा महिना, चोविसावा दिवस

तानबाईकडे गेलो. सामान बांधून दारात होतं. मी पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, पुस्तकात आणखी एक धडा हवा. चित्राशेजारी डकवलेली स्तुती कशी वाचायची. नियम एकच: 'जिची स्तुती केलेली नाही, ती गोष्ट आधी बघा.' शेजारी ही पट्टी जशीच्या तशी कोरायची.

तानबाईने पट्टी वाचून पाओकडे दिली. पाओने ती उजेडात धरली, उलटी करून हळूहळू वाचली, आणि म्हणाला, "मजकूर कोरतो. पण खालचं नाव गाळू या. कोणाचं ते लोकांना कळायला नको."

पुन्हा तेच. हा माणूस माझं नाव पुसायला टपलेला आहे.

मी म्हणालो, "नाव राहील."

"लोक हसतील तुम्हाला. सूचौमध्ये, नानचिंगमध्ये, जिथे पुस्तक जाईल तिथे."

"नाव राहील. पट्टीखालीही आणि पुस्तकावरही. तेच नाव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून लाकूड शोधायला लागला. बडबडत होता, ऐकू येईल इतपत, की विद्वानांची डोकी नासपतीच्या लाकडातल्या गाठीसारखी असतात, सुरी बोथट होते.

अशा माणसावर भरवसा ठेवून काम सोडता येत नाही. सूचौला गेल्यावर माझ्या पाठीमागे काय गाळेल याचा नेम नाही. शिवाय चित्रं पुन्हा काढायला कुणीतरी हवंच. तेव्हा मीही जायचं ठरवलं. सूचौची होडी परवा सुटते.

घरी येऊन हिला हे कसं सांगावं याचा रस्ताभर विचार करत होतो. दार उघडलं तर ओसरीवर तीन गाठोडी बांधून ठेवलेली. म्हणाली, पाओ येऊन गेला त्याच दिवशी बांधली.